घोरपड, वानर आणि चार बटणं

एका जंगलात एक संगणक होता. जंगलात संगणक कुठून आला, असं ज्या मुलांना विचारायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन खेळावं. गोष्टीत सिंह बोललेला तुम्हाला चालतो, हत्तीने न्याय केलेला चालतो, मग संगणकानेच तुमचं काय घोडं मारलंय?

तर हा संगणक एका गुहेत होता. त्याला एक मोठा पडदा होता आणि पडद्यावर एक खेळ चालायचा. खेळात एक गड होता. गडाच्या पायथ्याशी शिपाई उभे असायचे. त्यांनी दऱ्या ओलांडायच्या, वाटेत आडवे येणाऱ्या गनिमांशी लढायचं आणि माथ्यावर निशाण रोवायचं. ज्याचं निशाण आधी, तो जिंकला.

हा खेळ करमणुकीसाठी नव्हता. तो राज्यकारभार होता.

त्याचं असं झालं. त्या जंगलात पाणवठा एकच. उन्हाळ्यात ओढे आटले की तेवढंच पाणी उरायचं. डोंगराकडचे प्राणी म्हणायचे, आधी आम्ही पिणार. ओढ्याकडचे म्हणायचे, आधी आम्ही. मग शिंगं मोडायची, कान फाटायचे, आणि आरडाओरड्याने सिंहमहाराजांची झोपमोड व्हायची. पहिल्या दोन गोष्टी महाराजांनी पुष्कळ वर्षं सोसल्या. तिसरी सोसवेना, तेव्हा त्यांनी हुकूम काढला. यापुढे मारामारी पडद्यावर करायची. दोन्हीकडून एकेक खेळाडू. जिंकेल त्याच्या बाजूने आधी प्यायचं. हरेल त्याच्या बाजूने नंतर यायचं आणि उरलं असेल तर प्यायचं.

सगळ्यांनी हुकमाचं स्वागत केलं. रक्त सांडायचं थांबलं, हे चांगलंच झालं. तहान लागायची मात्र थांबली नाही.

डोंगराकडून खेळायला रानडुक्कर जायचं. ते खुराने सगळी बटणं एकदम दाबायचं आणि शिपाई जागच्या जागी थरथरायचा. त्यामुळे दर उन्हाळ्यात डोंगराकडचे हरले. गेल्या खेपेला गिरजाकाकू भेकरीण उन्हातून धापा टाकत पाणवठ्यापर्यंत पोचली, पण तोवर तिथं नुसता चिखल राहिला होता. ती चिखलातच बसली. परत उठली नाही.

गिरजाकाकू तुळसा घोरपडीच्या शेजारची. नवा उन्हाळा जवळ आला तशी तुळसा गुहेत गेली आणि म्हणाली, यंदा मी खेळणार.

घोरपड कशी असते ते तुम्हाला ठाऊक असेल. एकदा नख रोवलं की कडा सुटेल, घोरपड सुटायची नाही. तुळसाने तसंच ते खेळायचं यंत्र धरलं. त्याला कंट्रोलर म्हणतात. ओंजळीत मावेल एवढा असतो. उजव्या अंगाला चार बटणं असतात. एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

पडद्यावर शिपाई चालू लागला. समोर गनीम आला. पडद्यावर अक्षरं उमटली: तलवार काढण्यासाठी एक्स दाबा.

तुळसाने खाली पाहिलं. तिच्या बटणांवर अक्षरं नव्हतीच. एकावर त्रिकोण होता, एकावर गोल, एकावर चौकोन आणि सगळ्यात खालच्यावर फुली. तिने विचार केला. फुली म्हणजेच एक्स की. तुम्हीही हाच विचार केला असता. तिने फुली दाबली.

शिपायाने तलवार काढली नाही. त्याने उडी मारली. गनिमाच्या डोक्यावरून थेट दरीत.

तुळसाने पुन्हा दाबली. शिपाई पुन्हा दरीत. मग तिने त्रिकोण दाबला, तर त्याने कमरेची शिदोरी सोडली आणि गनिमासमोर भाकरी खाऊ लागला. गोल दाबलं, तर तो उकिडवा बसला. गनिमाला सुद्धा काय करावं कळेना.

या सगळ्याची व्यवस्था बगळेशास्त्रींकडे होती. बगळेशास्त्री पडद्यासमोर एका पायावर, डोळे मिटून, तासन्‌तास उभे राहायचे. त्यामुळे त्यांना यातलं पुष्कळ कळत असावं, असं जंगलाने गृहीत धरलं होतं. कंट्रोलरही त्यांनीच मागवले होते. हिवाळ्यात परमुलुखातून पक्षी येतात, त्यांच्याकडून. जो पक्षी ज्या मुलुखाचा, तिथला कंट्रोलर. त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

तुळसाने त्यांच्याकडे जाऊन तक्रार केली. पडद्यावर लिहिलंय एक, माझ्या बटणांवर भलतंच, मी दाबू काय?

शास्त्रींनी एक डोळा उघडला.

"तुळसाबाई, पडद्यावर लिहिलंय ते बरोबर आहे. तुमच्या बटणावर आहे तेही बरोबर आहे. यात चूक कोणाची उरते, तुम्हीच बघा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळा मिटून घेतला.

मग तुळसाने स्वतःच शोध लावायचं ठरवलं. दरीत पडत, भाकरी खात, उकिडवं बसत तिने एकेक गोष्ट पक्की केली. संगणकाला बटणावर काय रंगवलंय ते दिसत नाही. त्याला फक्त जागा कळते. खालच्या बटणाला तो ए म्हणतो. उजव्याला बी. डाव्याला एक्स. वरच्याला वाय. मग त्या बटणावर फुली असो, गोल असो, नाहीतर गणपतीचं चित्र असो.

हे एकदा कळल्यावर तिने बटणांकडे बघायचं सोडून दिलं. पडद्यावर एक्स आला की डावा, ए आला की खालचा. दिवसचे दिवस तिने तेवढंच घोकलं. नवऱ्याने जेवायला वाढ म्हटलं की तिचं उजवं नख वर जायचं, कारण भाकरी खायचं बटण वर होतं. हळूहळू घोकायचीही गरज उरली नाही. डोळ्याने पाहिलं की नख आपोआप हलू लागलं, मधे डोकं लागेना. तिचा शिपाई दऱ्या ओलांडून, गनीम आडवे पाडून माथ्यापर्यंत जाऊ लागला. डोंगराकडच्या प्राण्यांनी पुष्कळ दिवसांनी आशेने पाणवठ्याकडे पाहिलं.

ओढ्याकडून दरवर्षी सटवाजी वानर खेळायचा. त्याच्या बोटांसारखी बोटं जंगलात कोणाला नव्हती. पण त्याचंही दुखणं होतंच. त्याच्या कंट्रोलरवर अक्षरं होती, आणि पडद्यावर होती तीच होती. फक्त जागा उलट्या. जिथं संगणकाला ए हवा, तिथं सटवाजीकडे बी लिहिलेलं. जिथं बी हवा, तिथं ए. एक्स आणि वाय यांचीही तशीच अदलाबदल. पडद्यावर उडी मारा म्हटलं की सटवाजीचा शिपाई कड्याच्या टोकाला जाऊन उकिडवा बसायचा. रानडुक्कर समोर होतं म्हणून तो आजवर जिंकत आला होता. आता समोर तुळसा होती. तिचा सराव त्याने झाडावरून पाहिला आणि त्याला घाम फुटला. वानराला घाम फुटत नाही, असं कोणी म्हणेल. पण ओढ्याकडची चाळीसएक पोरंबाळं जेव्हा तुमच्याकडे पाणी मागत असतात, तेव्हा फुटतो.

सटवाजी थेट महाराजांकडे गेला. आपल्या बटणांवर अक्षरं उलटी आहेत, घोरपडीच्या बटणांवर अक्षरंच नाहीत, असा खेळ न्यायाचा कसा, असं त्याने विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. दोघांचेही कंट्रोलर दुरुस्त करून घ्यावेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

महाराजांनी अर्धवट झोपेत ते ऐकलं. दोघांना समान न्याय मिळाला पाहिजे, असं ते म्हणाले आणि काम बगळेशास्त्रींवर सोपवून कुशीवर वळले.

आता शास्त्रींनी काय करायला हवं होतं? पडद्यावरची अक्षरं बदलायला हवी होती, किंवा सटवाजीच्या बटणांवरची. पडद्यातलं कसं बदलायचं ते शास्त्रींना माहीत नव्हतं. आणि सटवाजीचा कंट्रोलर परमुलुखातल्या मोठ्या पक्ष्याने आणलेला, त्याला चोच लावायची म्हणजे आपलीच निवड चुकली असं कबूल करायचं. म्हणून त्यांनी तिसराच मार्ग काढला. त्यांनी पळसाची पानं आणली, त्यांचे गोल तुकडे केले, त्यांच्यावर करवंदाच्या रसाने अक्षरं लिहिली आणि डिंकाने तुळसाच्या बटणांवर चिकटवली. कुठलं अक्षर कुठं लावायचं? शास्त्रींनी सटवाजीचा कंट्रोलर समोर ठेवला आणि हुबेहूब उतरवून काढलं.

दोन्ही कंट्रोलर एकसारखे झाले. दोन्ही एकसारखे चुकीचे झाले. समान न्याय मिळाला.

त्याचा समारंभही झाला. स्पर्धेच्या दिवशी सकाळी सगळं जंगल गुहेसमोर जमलं. महाराज जागे होते, म्हणजे डोळे उघडे होते. बगळेशास्त्रींनी भाषण केलं. अक्षरओळख हाच प्रगतीचा पाया आहे, आता कोणीही खाली पाहून वाचावं आणि निश्चिंतपणे बटण दाबावं, असं ते म्हणाले. प्रात्यक्षिक दाखवायला त्यांनी स्वतःचाही एक कंट्रोलर संगणकाला जोडला, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर दिवा लागल्यासारखं काहीतरी झालं. लोकांनी माना डोलावल्या. शास्त्रींनी तो कंट्रोलर तसाच दगडावर ठेवून दिला आणि आपल्या एका पायावर उभे राहिले.

तुळसाने पानं पाहिली आणि तिला हसू आलं. खालच्या बटणावर बी लिहिलं होतं. उजव्यावर ए. सगळं उलटं. पण तिने तक्रार केली नाही. तिला बटणांकडे बघायचंच नव्हतं.

खेळ सुरू झाला. पडद्यावर पायथ्याशी तीन शिपाई दिसले. तिसरा कोण, असं कुणीतरी विचारलं. ते प्रात्यक्षिकाचं आहे, असं कुणीतरी सांगितलं. तिसरा शिपाई तिथंच उभा राहिला आणि सगळे त्याला विसरले.

तुळसाचा शिपाई निघाला तो वाऱ्यासारखा. पहिली दरी ओलांडली. गनीम आला, तो आडवा केला. दुसरी दरी, तिसरी दरी. तिच्या नखांखाली पळसाची पानं कुरकुरत होती, पण तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. सटवाजीचा शिपाई मागे एका कड्यावर उकिडवा बसला होता. डोंगराकडच्या प्राण्यांच्या माना पुढे झाल्या. सशांनी श्वास रोखले. माथा दिसू लागला. निशाण रोवायची जागा दिसू लागली.

इकडे सटवाजी पुरता गोंधळला होता. आपला शिपाई गडावर नेमका कुठं आहे, हेच त्याला कळेना. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याला मदतीची एक ओळ दिसली: नकाशा पाहण्यासाठी व्ह्यू दाबा. त्याने कंट्रोलर उलटापालटा करून पाहिला. त्यावर व्ह्यू नावाचं बटण कुठंच नव्हतं. मधोमध दोन बारीक बटणं होती. एकावर अधिकचं चिन्ह, एकावर वजाचं. त्याने अधिकचं दाबलं.

नकाशा आला नाही. खेळ थांबला. सगळा पडदा काळा झाला आणि त्यावर एकच प्रश्न उमटला. तो तिन्ही शिपायांना होता.

हार मानायची का? हो असेल तर ए दाबा. नाही असेल तर बी दाबा.

तुळसा दचकली. इतक्या दिवसांच्या सरावात हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. हार मानायचा विचारच जिने केला नाही, तिला तो प्रश्न कसा दिसणार? तिच्या नखांना उडी माहीत होती, तलवार माहीत होती, भाकरीसुद्धा माहीत होती. 'नाही' कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं. मागे सगळा डोंगर उभा होता. चूक करून चालणार नव्हतं. त्या धास्तीत पानं उलटी आहेत हेच ती विसरली. आणि जपून वागायचं ठरवलं की शहाणा प्राणी जे करतो, तेच तिने केलं.

तिने खाली पाहिलं आणि वाचलं.

खालच्या बटणावर सुबक अक्षरात बी लिहिलं होतं. तिने ते दाबलं. ठाम दाबलं.

शेजारी सटवाजीनेही खाली पाहिलं. त्याच्याही खालच्या बटणावर बी होतं. सवयीने त्यानेही ते दाबलं.

संगणकाला वाचता येत नव्हतं. त्याला फक्त जागा कळत होती. दोघांनी खालचं बटण दाबलं होतं आणि खालच्या बटणाला तो ए म्हणत होता.

तिसऱ्या शिपायाकडून काहीच उत्तर आलं नाही. संगणकाने थोडा वेळ वाट पाहिली. मग पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली. दोन खेळाडूंनी हार मानली आहे. विजेता: खेळाडू तिसरा.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू दगडावरच्या कंट्रोलरकडे वळल्या, आणि तिथून बगळेशास्त्रींकडे. शास्त्रींनी डोळे उघडले. आपल्याला यातलं काहीच माहीत नाही, असं ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलत होते, पण तोपर्यंत त्यांच्या गळ्यात हार पडला होता.

महाराजांनी निकाल कायम केला. संगणक चुकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा खेळ घ्या म्हणणाऱ्यांना पुढच्या उन्हाळ्यात या, असं म्हणून ते आत गेले. पहिलं पाणी बगळ्यांचं झालं. डोंगराकडचे हरले. ओढ्याकडचेही हरले.

तुळसा एका खडकावर जाऊन बसली. कंट्रोलर अजून तिच्या हातात होता. घट्ट धरायची सवय ना. तिला गिरजाकाकू आठवत होती. थोड्या वेळाने सटवाजी आला आणि जरा अंतर ठेवून बसला. आजवर ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नव्हती. बाजूच वेगळ्या.

"तुळसाक्का, तू जिंकत आली होतीस," तो म्हणाला. "मग हार का मानलीस?"

"मी नाही म्हटलं होतं," तुळसा म्हणाली. "तू?"

"मीपण नाहीच म्हटलं होतं."

मग तुळसाने कंट्रोलर खाली ठेवला आणि बटणांवरचं एकेक पान नखाने सोलून काढलं. खालचं पान निघालं तेव्हा आतली फुली दिसली. तिने ती सटवाजीला दाखवली, त्याच्या बटणाशेजारी धरली, आणि जागेचं सगळं गणित त्याला समजावून सांगितलं. सटवाजीने ऐकलं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. वानर तोंडाने काळा असतो म्हणून दिसलं नाही एवढंच.

तिकडे बगळेशास्त्री कामाला लागले होते. पाणवठ्याच्या काठावर त्यांनी चार दगड मांडले. दगडांवर करवंदाच्या रसाने अक्षरं लिहिली. झाडावर पाटी लावली की पाणी पिण्यासाठी वाय दगडावर पाय द्यावा. कोणता दगड वाय, ते घडीघडीला बदलत होतं. चुकीच्या दगडावर पाय पडला की रांगेत मागे जायचं. रांगेतले प्राणी मागे जात होते आणि शास्त्री निवांत मासे टिपत होते. पहिल्याच दुपारी एक म्हातारा चितळ रांगेत कोसळला. त्याला सावलीत ओढून नेताना तुळसाने त्याचे डोळे पाहिले. ते गिरजाकाकूच्या डोळ्यांसारखे झाले होते.

तिने सटवाजीला हाक मारली. दोघं रांग सोडून सरळ पुढे गेली. दगडांपाशी थांबली नाहीत. शास्त्री पाण्यात उभे होते, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आधी वाचा, तुळसाबाई," शास्त्री पाटीकडे चोच करून म्हणाले.

"वाचते की," तुळसा अदबीने म्हणाली. "पण आधी खुशाली विचारावी म्हटलं. घरी सगळं ठीक? अंडी घातलीत म्हणे वहिनींनी."

शास्त्रींचा वर धरलेला पाय नकळत पाण्यात आला.

"त्या काठच्या बाभळीवर ना घरटं?" तुळसाने विचारलं. "झाड काटेरी आहे. पण मला काट्यांचं काही वाटत नाही. बुंध्यावर नख रोवलं की झालं. आणि या सटवाजीला तर खालून जायचीही गरज नाही. तो वरूनच येतो."

सटवाजीने बाभळीकडे पाहून मान डोलावली. तेवढंच.

मुलांनो, घोरपडीला अंडी फार आवडतात. हे शास्त्रींना पाटी न वाचताही माहीत होतं. त्यांनी तुळसाच्या नखांकडे पाहिलं. मग बाभळीकडे पाहिलं. मग बराच वेळ आभाळाकडे पाहिलं, जणू तिथं काही लिहिलंय. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं की व्यवस्थेत एक महत्त्वाची सुधारणा नुकतीच करण्यात आली आहे. ते स्वतः चालत पाटीपाशी गेले, जुनं पुसलं आणि चोचीने नवं लिहिलं.

पाणी पिण्यासाठी कोणताही दगड दाबा.

रांग मोडली. डोंगराकडचे आणि ओढ्याकडचे एकदमच पाण्यात उतरले. ढकलाढकली झाली, एका सांबराचं शिंग दुसऱ्याला लागलं, पण पाणी सगळ्यांना पुरलं. आधी येणाऱ्यांनी तळापर्यंत ढोसलं नाही तर ते नेहमीच पुरण्याइतकं होतं, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. सगळे पिण्यात गुंतले होते. तुळसाने चितळाला हळूहळू चालवत आणलं आणि त्याचं तोंड पाण्याला लागेपर्यंत ती त्याला धरून उभी राहिली. मग ती स्वतः प्याली.

तात्पर्य: पडद्यावर काय लिहिलंय ते समजलं नाही, तर पुन्हा पुन्हा वाचत बसू नये. लिहिणाऱ्याचं घरटं कोणत्या झाडावर आहे, याची शांतपणे चौकशी करावी.